हाती सुया, कानी ग्रंथ : मराठी स्त्रीच्या वाचनाची एक बाजू

ग्रंथालयाचा इतिहास लिहावयाचा म्हटले की अभ्यासकाचे लक्ष प्रथम जाते ते कार्यकारी मंडळाच्या इतिवृत्तांकडे, ग्रंथांच्या दाखल-नोंदवहीकडे, देणगीदारांच्या यादीकडे आणि वास्तूच्या कोनशिलेकडे. ही साधने मोलाची आहेत, यात संशय नाही. परंतु त्यांना एक मर्यादा आहे. कोणते पुस्तक कोणत्या तारखेस कोणत्या सभासदाच्या नावावर बाहेर गेले हे देवघेवीची वही सांगते. ते घरी गेल्यावर कोणी वाचले हे ती सांगत नाही. एका घरात एकच सभासदत्व, आणि तेही बहुधा कर्त्या पुरुषाच्या नावाचे, ही रीत मराठी ग्रंथालयांत दीर्घकाळ चालत आली. कचेरीतून परतताना त्या गृहस्थाने काखेत घालून आणलेली कादंबरी घरातील चार-पाच स्त्रियांच्या हातांतून फिरून पंधरा दिवसांनी परत येत असे. वहीत नाव मात्र एकच राही.

या अनाम वाचकांचा शोध घ्यावयाचा तर ग्रंथालयाच्या कपाटांबाहेर पाहिले पाहिजे. तसे पाहू गेल्यास एक साधी वस्तू दृष्टीस पडते : लोकरीचे गुंडे आणि दोन सुया ठेवलेली वेताची टोपली. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे अशा ठिकाणी पिढ्यान्‌पिढ्या वसलेल्या मराठी घरांत ही टोपली आणि ग्रंथालयाचे पुस्तक बहुधा एकाच कोनाड्यात नांदत आली. या शेजाराला स्वतःचा इतिहास आहे, आणि तो मराठी स्त्रीच्या वाचनाच्या इतिहासापासून वेगळा काढता येत नाही.

वाती आणि पोथी

हातांनी काम करावे आणि कानांनी वाङ्मय ऐकावे, ही रीत मराठी घराला लोकरीने शिकविली नाही. जात्यावर दळताना ओवी आणि चातुर्मासात पोथी ऐकताना वाती वळणे, या दोन्ही गोष्टी मराठी घरात फार जुन्या आहेत. श्रीधरस्वामींचे ‘हरिविजय’, ‘पांडवप्रताप’ आणि ‘शिवलीलामृत’ हे अठराव्या शतकाच्या आरंभीचे ग्रंथ मराठी स्त्रियांपर्यंत पोहोचले ते मुख्यतः श्रवणाने. दुपारचे जेवण उरकल्यावर आळीतील स्त्रिया देवळात किंवा कुणाच्या ओसरीवर जमत, पुराणिक पोथी सोडीत, आणि ऐकणाऱ्यांच्या मांडीवर कापूस असे. फुलवाती, लक्षवातींच्या वाती, वस्त्रमाळा यांचे काम बोटे आपोआप करीत आणि मन द्रौपदीच्या वस्त्रहरणात गुंतलेले असे.

या रीतीत एक सोय होती आणि एक अटही होती. रिकाम्या हातांनी बसलेली बाई ही घराच्या दृष्टीने आळशी. हात चालू असतील तर मात्र तिने काय ऐकावे याबद्दल फारशी तक्रार होत नसे. काम हा श्रवणाचा परवाना होता. पुढे पोथीची जागा छापील पुस्तकाने आणि श्रवणाची जागा वाचनाने घेतली, तेव्हाही हा परवाना लागतच राहिला. बदलली ती हातातील वस्तू : कापसाच्या जागी लोकर आली.

काशीबाई कानिटकर (१८६१–१९४८) या मराठीतील आद्य कादंबरीकर्त्या स्त्रियांपैकी एक. त्या वाचावयास शिकल्या त्या लग्नानंतर, आणि तेही घरातील स्त्रियांची टोचणी सोसून. रमाबाई रानडे यांनी १९१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी’ या ग्रंथातही पुस्तक हातात घेणाऱ्या सुनेला काय सोसावे लागते याचे चित्र आहे. न्यायमूर्तींसारख्या पतीचा आग्रह पाठीशी असूनही माजघरातील विरोध त्यांना चुकला नाही. ज्यांच्या पाठीशी असा पती नव्हता, त्या स्त्रियांना पुस्तकासाठी दुसरा काही आडोसा शोधणे भाग होते.

शाळेच्या वेळापत्रकातून

सुयांवरचे विणकाम ही मूळची मराठी कला नव्हे. भाषाच त्याची साक्ष देते. ‘विणणे’ या एकाच क्रियापदात आपण मागावरचे वस्त्र, खाटेची सुंभ, वेताची टोपली आणि सुयांवरचा स्वेटर या साऱ्यांना सामावून घेतो; सुयांवरच्या विणकामासाठी वेगळा धातू मराठीने घडविलाच नाही. ‘सुई’ संस्कृत ‘सूची’पासून आली, ‘मोजा’ फारसीतून आला, ‘क्रोशा’ मूळचा फ्रेंच आणि ‘स्वेटर’, ‘मफलर’ इंग्रजी. दक्षिणेत धनगरांनी लोकर कातून घोंगडी विणण्याची परंपरा प्राचीन असली, तरी तेही मागावरचेच काम. दोन सुयांवर सलग धाग्याचे फास एकमेकांत ओवून कपडा उभा करण्याची विद्या मराठी घरात प्रामुख्याने आली ती मिशनरी बायकांच्या आणि त्यांच्या शाळांच्या द्वारे.

अमेरिकन मराठी मिशनच्या सिंथिया फॅरार या १८२७ मध्ये मुंबईस आल्या व पुढे अहमदनगर येथे त्यांनी मुलींच्या शाळा चालविल्या. स्कॉटिश मिशनच्या मार्गारेट विल्सन यांनी १८२९ मध्ये मुंबईत मुलींची शाळा काढली. अशा शाळांच्या अभ्यासक्रमात अक्षरओळख आणि बायबल यांबरोबर शिवणटिपण असे. त्यामागे इंग्लंडातील मुलींच्या शिक्षणाची धाटणी होती, आणि एक व्यावहारिक हिशेबही होता. मुलगी अक्षरे गिरविते म्हटल्यावर बिथरणारा पालक, ती टोपडे विणावयास शिकते म्हटल्यावर काहीसा निवळत असे.

१८४८ मध्ये जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात मुलींची शाळा सुरू केली. पंडिता रमाबाईंचे शारदासदन १८८९ मध्ये मुंबईत निघाले आणि पुढील वर्षी पुण्यास आले. धोंडो केशव कर्वे यांचा विधवांसाठीचा आश्रम १८९६ मध्ये स्थापन झाला. पुण्याचे सेवासदन १९०९ मध्ये. या संस्थांची ध्येये व मते एकमेकींपासून पुष्कळ भिन्न होती. परंतु अक्षर आणि हस्तव्यवसाय यांची जोडी स्त्रियांच्या शिक्षणात टिकून राहिली. टीकाकारांनी या जोडीवर आक्षेप घेतला आहे आणि तो खोटा नाही. मुलांनी बीजगणित शिकावे आणि मुलींनी लोकरीची फुले काढावीत, या विभागणीने स्त्रीशिक्षणाला घराच्या चौकटीतच डांबले. पण याच विभागणीने हजारो घरांतून मुलींना शाळेपर्यंत येऊ दिले, हेही तितकेच खरे. सुयांच्या सोबतीने अक्षर घरात शिरले.

यात विधवांचा विचार वेगळा करावयास हवा. जुन्या घरात वाती वळण्याचे काम बहुधा त्यांच्याकडेच असे. हळदीकुंकवाच्या समारंभात त्यांना स्थान नव्हते. डोहाळजेवण, बारसे, मंगळागौर यांतूनही त्या वगळलेल्या. विणकामाच्या वर्गाला मात्र कुंकवाची अट नव्हती. तेथे त्या सर्वांबरोबर एका सतरंजीवर बसू शकत होत्या. शिवाय या कामाला पैसा होता. चार मोजे, दोन कानटोप्या विकून येणारी रक्कम थोडी असली, तरी ती स्वतःच्या हातची असे. ज्या स्त्रीजवळ स्वतःचे चार आणे आहेत, ती कधी तरी त्यातून ग्रंथालयाची वर्गणीही स्वतःच्या नावाने भरू शकते, ही शक्यता त्यात दडलेली होती.

विणीचे वाचन

विणकाम हे अडाणी हातांचे काम आहे असा एक समज आहे. वास्तविक ते वाचनाशी आणि गणिताशी बांधलेले काम आहे. इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये विणीच्या नमुन्यांची पुस्तके छापली जाऊ लागली ती १८३० नंतरच्या काळात. त्यापूर्वी ही विद्या आईकडून मुलीकडे पाहून पाहून जाई. छापील पुस्तकाने तिचे रूप पालटले : वीण ही आता शब्दांत आणि आकड्यांत लिहून ठेवता येऊ लागली, आणि जिला वाचता येते तिला न पाहिलेली वीणही साधू लागली. ‘दोन सुलट, दोन उलट’ ही आज बाळबोध वाटणारी सूचना म्हणजे एक स्वतंत्र लिपीच होय. तिला सुलट आणि उलट अशी दोनच अक्षरे आहेत, आणि त्या दोहोंच्या फिरवाफिरवीतून काठ, जाळी, वेणी, शंकरपाळे असे सारे आकार उमटतात.

या लिपीबरोबर हिशेब आला. समजा, एका इंचात सहा टाके बसतात आणि स्वेटरची छाती ३६ इंच हवी आहे. म्हणजे पुढचा भाग १८ इंचांचा, आणि टाके १०८. परंतु दोन सुलट, दोन उलट या काठासाठी दोन्ही कडा सारख्या दिसावयाच्या असतील, तर टाक्यांच्या संख्येला चाराने भागून बाकी दोन उरली पाहिजे. म्हणून टाके ११० घालावयाचे. काठासाठी बारा नंबरची बारीक सुई, अंगासाठी दहा नंबरची; नंबर वाढला की सुई बारीक होते ही उलटी रीत लक्षात ठेवावयाची. पुढे बगलेशी टाके किती घटवावयाचे, गळा किती ओळींनंतर सुरू करावयाचा, दोन्ही बाह्या एकसारख्या कशा उतरवावयाच्या, हा सारा त्रैराशिकाचा भाग. ज्या बायकांनी शाळेत चौथी इयत्ताही पाहिली नव्हती, त्यांनी हा हिशेब वर्षानुवर्षे तोंडी केला. आणि ज्यांना अक्षर येत होते, त्यांनी तो वहीत उतरवून ठेवला. जुन्या घरांतून सापडणाऱ्या अशा वह्यांत एका पानावर विणीचा नमुना, दुसऱ्या पानावर लोणच्याचे प्रमाण आणि तिसऱ्यावर आवडलेल्या कवितेची नक्कल आढळते. स्त्रीच्या लेखनवाचनाचा हाही एक दस्तऐवजच आहे.

मासिकांनी हे शेजारपण छापील केले. शंकरराव किर्लोस्कर यांनी १९३० मध्ये किर्लोस्करवाडीहून ‘स्त्री’ मासिक सुरू केले. या मासिकाने आणि त्यानंतरच्या स्त्रियांच्या नियतकालिकांनी घरगुती सदरे आणि विचारप्रवर्तक लेख एकाच वेष्टनात घरी पोहोचविले. विणीच्या नमुन्यासाठी अंक चाळणाऱ्या गृहिणीच्या नजरेस घटस्फोटावरील लेख पडे. कथेसाठी अंक उघडणारी तरुणी जाता जाता बाळाच्या मोज्यांचा नमुना उतरवून घेई. सासूबाई अंकाला हरकत घेत नसत, कारण त्यात विणकाम होते. १९३३ मध्ये विभावरी शिरूरकर यांच्या ‘कळ्यांचे निःश्वास’ने खळबळ माजविली. शिकलेल्या कुमारिकांच्या मनातील कोंडमारा सांगणारे असे पुस्तक माजघरात पोहोचावयाचे, तर त्याला लोकरीच्या टोपलीचा आसरा किती सोयीचा, हे सांगावयास नकोच.

थंडी, लोकर आणि दिवाळी अंक

कोकणात किंवा गोव्यात लोकरीच्या स्वेटराचे काम नव्हते. तिकडे क्रोशाच्या सुईने केलेले सुती रुमाल, तोरणे, पडद्यांच्या झालरी यांवर स्त्रियांचा हात बसला. पण माळव्यातील आणि विशेषतः ग्वाल्हेरची थंडी ही चैनीची गोष्ट नव्हे. दख्खनमधून शिंदे-होळकरांबरोबर तिकडे गेलेल्या घराण्यांना आणि त्यांच्या मागोमाग नोकरीधंद्यासाठी गेलेल्या कुटुंबांना उबदार कपड्याची खरीखुरी गरज होती. कानपूरची लोकर-गिरणी १८७६ मध्ये आणि पंजाबातील धारीवालची १८८० मध्ये निघाली. ‘लालइमली’ आणि ‘धारीवाल’ ही नावे पुढे उत्तरेकडील घराघरांत परिचयाची झाली. अशा भागांतील मराठी स्त्रीने विणकाम उचलले ते गरजेपोटी, आणि हिंदीभाषक शेजारणींच्या संगतीत वाढविले. भिंतीपलीकडून मागून आणलेला नमुना हिंदीत असे आणि मांडीवरचे पुस्तक मराठीत. भाषेची ही अदलाबदल या केंद्रांच्या संस्कृतीचाच एक भाग होय.

ऋतूचाही येथे एक सुंदर योग जुळून आला. लोकर बाहेर निघते ती दिवाळीच्या सुमारास. काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक १९०९ मध्ये काढला आणि दिवाळी अंकांची परंपरा रूढ झाली. विणकामाचा हंगाम आणि दिवाळी अंकांचा हंगाम असे एकत्र आले. ग्रंथालयातून एकामागून एक फिरणारे अंक आणि टाक्याटाक्याने वाढणारा स्वेटर यांची शर्यत होळीपर्यंत चाले. महाराष्ट्रापासून दूर राहणाऱ्या वाचकाला दिवाळी अंक म्हणजे माहेरची भेटच. ती भेट उन्हात चटई टाकून, पाठ शेकीत, हातात विणकाम घेऊन उलगडली जाई.

बडोद्याचे उदाहरण वेगळ्या कारणासाठी महत्त्वाचे आहे. तेथे वाचन हा खाजगी छंद न राहता राज्याचे धोरण झाले. सयाजीराव गायकवाड यांनी १९०६ मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले आणि १९१० मध्ये अमेरिकन ग्रंथपाल विल्यम अॅलन्सन बोर्डन यांस पाचारण करून सार्वजनिक ग्रंथालयांची योजना आखली. मध्यवर्ती ग्रंथालयात स्त्रियांसाठी वेगळी सोय झाली आणि लाकडी पेट्यांतून पुस्तके गावोगाव फिरू लागली. महाराणी चिमणाबाई यांनी १९२७ मध्ये पुण्यास भरलेल्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या पहिल्या अधिवेशनाचे अध्यक्षपद भूषविले. त्यांच्या नावाच्या स्त्री उद्योगालयात हस्तव्यवसायाचे शिक्षण मिळत असे. एकाच नगरीत स्त्रीच्या हातांची आणि डोळ्यांची अशी दुहेरी काळजी वाहिली गेली.

लोकरीला सार्वजनिक जीवनात मान मिळाला तो मात्र युद्धांमुळे. १९१४ च्या महायुद्धात हिंदी पलटणी फ्रान्सच्या आघाडीवर ऐन हिवाळ्यात जाऊन पडल्या. जवानांसाठी मोजे, मफलर, कानटोप्या विणण्याचे काम तेव्हा आणि पुन्हा १९३९ नंतर स्त्रियांच्या मंडळांनी केले. त्यातील बराच भाग साहेबांच्या बायकांच्या पुढाकाराने चाले, आणि त्यामागील राजनिष्ठा अनेकींना मान्य नव्हती. चरख्याचे सूत कातणाऱ्या घरात सरकारी लोकर शिरणे कठीणच. १९६२ च्या चिनी आक्रमणाच्या वेळी मात्र हा संकोच उरला नाही. हिमालयाच्या उंचीवर पुरेशा उबदार कपड्यांविना लढणाऱ्या जवानांची हकीकत ऐकून देशभरच्या स्त्रियांनी सुया उचलल्या. आजवर मुलानातवंडांपुरती विणणारी गृहिणी न पाहिलेल्या मुलासाठी विणू लागली. वर्तमानपत्राचे मोठ्याने वाचन आणि त्या भोवती चाललेले विणकाम हे त्या हिवाळ्याचे चित्र ज्यांनी पाहिले ते विसरणार नाहीत.

कोणती पुस्तके?

विणता विणता सर्वच पुस्तके वाचता येत नाहीत. सरळ सुलट-उलट ओळ असेल तेव्हा डोळे पुस्तकावर ठेवता येतात. टाका निसटला तर बोटांना आपोआप कळते. वेणीची किंवा जाळीची वीण आली की डोळे सुयांवर आणावे लागतात, आणि मग दुसऱ्या कुणाचा आवाज लागतो. या साध्या गोष्टीने घरातील वाचनाचे दोन प्रकार घडविले. स्वेटराची पाठ विणताना एकटीचे मूकवाचन आणि गळा-बाह्यांच्या वेळी सामुदायिक श्रवण. घरातील शाळकरी मुलीस “दोन पाने वाच ग” म्हणून बसविले जाई. त्या मुलीचे मराठी वाचन अशा दुपारींतून सुधारले, आणि वयाला न शोभणाऱ्या कादंबऱ्याही तिच्या कानांवरून गेल्या.

मोठ्याने वाचावयास कथनप्रधान पुस्तक हवे. हरि नारायण आपटे यांची ‘पण लक्षांत कोण घेतो?’ ही १८९० पासून ‘करमणूक’मध्ये क्रमशः आली. यमूच्या तोंडून सांगितलेली ही कहाणी ऐकताना हात थांबले नसतील तरच नवल. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’तील बोलती भाषा, साने गुरुजींची ‘श्यामची आई’ (१९३५), पुढे ‘ययाति’ (१९५९), ‘स्वामी’ (१९६२), ‘मृत्युंजय’ (१९६७) ही पुस्तके घरोघरी वाचली गेली ती अशाच बैठकींतून. ‘मृत्युंजय’सारखा जाडजूड ग्रंथ विणताना मांडीवर नीट उघडा राहतो, पाने आपोआप मिटत नाहीत, हा गुण समीक्षकांच्या ध्यानी आला नसला तरी वाचकांना ठाऊक होता.

ही रीत केवळ आपलीच नव्हे. इंग्लंडच्या यॉर्कशर परगण्यातील डेंट या डोंगरी गावचे स्त्रीपुरुष विणकाम करण्यात इतके तरबेज होते की रॉबर्ट सदी या कवीच्या ‘द डॉक्टर’ या ग्रंथाने ते प्रसिद्धीस आणले. हिवाळ्याच्या संध्याकाळी सरपण आणि दिवा वाचावा म्हणून ते एकेका घरी जमत आणि गोष्टी सांगत, गाणी म्हणत विणत. कादंबरीकारांनीही विणणाऱ्या स्त्रीची दखल घेतली. डिकन्सच्या ‘अ टेल ऑफ टू सिटीज’ (१८५९) मधील मादाम दफार्ज शत्रूंची नावे विणीतच नोंदवून ठेवते; अॅगथा ख्रिस्तीची मिस मार्पल सुया चालवीत निमूटपणे साऱ्या गावाचे निरीक्षण करते. विणणाऱ्या बाईकडे कोणी लक्ष देत नाही आणि तिच्या कानांतून काही सुटत नाही, हे या दोन्ही लेखकांनी ओळखले होते.

१९६१ मध्ये मराठी साहित्य संमेलन ग्वाल्हेर येथे भरले. त्याच्या अध्यक्षा कुसुमावती देशपांडे होत्या. संमेलनाच्या इतिहासातील त्या पहिल्या स्त्री-अध्यक्ष, आणि ‘मराठी कादंबरी : पहिले शतक’ या ग्रंथाच्या लेखिका. पुढे २००१ च्या इंदूर संमेलनाचे अध्यक्षपद विजया राजाध्यक्ष यांच्याकडे आले. २०२५ पर्यंत हे पद अवघ्या सहा स्त्रियांना लाभले. त्यांपैकी दोघींना ते महाराष्ट्राबाहेरच्या या दोन जुन्या मराठी नगरांत लाभावे, हा योगायोग असेल. परंतु जिने मराठी कादंबरीचे पहिले शतक ग्रंथबद्ध केले, ती ज्या नगरीत अध्यक्षपदी बसली, तेथील घरांत त्याच कादंबऱ्या सुयांच्या लयीत दोन-तीन पिढ्या ऐकल्या गेल्या होत्या, हे ध्यानी घेतले म्हणजे त्या प्रसंगाचा अर्थ अधिक भरतो.

उसवलेला इतिहास

विणलेल्या कपड्याचा स्वभाव असा की तो टिकण्यासाठी जन्मास येत नाही. मूल वाढले की स्वेटर अपुरा होतो. मग तो उसवावयाचा, वाकडी झालेली लोकर खुर्चीच्या पाठीला गुंडाळून लडी करावयाची, धुवून, वजन बांधून सरळ करावयाची आणि पुन्हा नवे टाके घालावयाचे. थोरल्याचा स्वेटर धाकट्याची बंडी होतो, बंडीचे मोजे होतात. एकच लोकर तीन भावंडांच्या अंगावर फिरते आणि शेवटी काहीच उरत नाही. घरात ऐकलेल्या-वाचलेल्या पुस्तकांचेही तसेच. त्यांचा कोणताही अभिप्राय कुठे छापून आला नाही. ती पुढच्या पिढीच्या बोलण्यात, म्हणींत, मुलांच्या नावांत विरघळून गेली.

अशा श्रमाची मोजदाद होत नाही, हे समाजशास्त्रज्ञांनीही दाखविले आहे. मारिया मीस यांनी आंध्र प्रदेशातील नरसापूरच्या लेस विणणाऱ्या स्त्रियांचा अभ्यास १९८२ मध्ये प्रसिद्ध केला. परदेशी निर्यात होणारा माल दिवसाचे कित्येक तास राबून तयार करणाऱ्या या स्त्रिया ‘घरी बसलेल्या गृहिणी’ समजल्या जात आणि त्यांचे काम ‘फावल्या वेळेतील उद्योग’ ठरे. जे श्रमाच्या बाबतीत, तेच वाचनाच्या बाबतीत. जिने शंभर कादंबऱ्या वाचल्या, त्या बाईस जनगणनेत व्यवसाय नाही आणि ग्रंथालयाच्या वहीत नाव नाही.

काळ बदलला. तयार कपडे स्वस्त झाले, लुधियानाच्या यंत्रावरचे स्वेटर घरच्या लोकरीपेक्षाही कमी किंमतीत मिळू लागले, अॅक्रिलिकने खऱ्या लोकरीस मागे सारले. दूरदर्शनने संध्याकाळ घेतली. स्त्रीला वाचनासाठी आता कोणत्याही कामाचा परवाना लागत नाही, ही आनंदाची गोष्ट आहे. तिचे सभासदत्व तिच्या स्वतःच्या नावाचे असते, ही त्याहून मोठी. तरीही सुया पुरत्या गंजलेल्या नाहीत. नातवंडाच्या चाहुलीबरोबर पिवळी-पांढरी लोकर आजही विकत घेतली जाते; आणि मराठीत श्राव्य पुस्तके उपलब्ध झाल्यापासून विणणारे हात आणि ऐकणारे कान ही जुनी जोडी पुन्हा जमते आहे. पुराणिकाच्या जागी यंत्र आले, कापसाच्या वातीच्या जागी लोकर आली. बैठक तीच आहे. फक्त शेजारणी उरल्या नाहीत.

शताब्दीच्या या प्रसंगी ग्रंथालयाने एक काम अंगावर घ्यावे, अशी अपेक्षा बाळगणे अनुचित ठरू नये. ज्या घरांत तीन-चार पिढ्यांचे सभासदत्व आहे, तेथील वयोवृद्ध स्त्रियांकडून त्यांनी वाचलेल्या पुस्तकांच्या आठवणी लिहून घ्याव्यात. त्यांच्या विणीच्या आणि पाककृतींच्या वह्या जीर्ण कागद म्हणून रद्दीत जाण्यापूर्वी ग्रंथालयात जमा कराव्यात. त्या वह्यांच्या पानोपानी आपल्या वाचकांची हस्ताक्षरे आहेत. संस्थापक आणि देणगीदार यांची नावे संगमरवरावर कोरलेली आहेतच, आणि ती तशी असणे उचितच आहे. परंतु ज्यांच्यासाठी पुस्तके आणली जात होती, ज्या दुपारच्या उन्हात बसून ती वाचीत होत्या, ऐकत होत्या, आणि पुस्तक परत जाण्याच्या दिवशी “आजचा दिवस राहू द्या, दोन प्रकरणे उरली आहेत” असे म्हणत होत्या, त्या सभासद नसलेल्या वाचकांच्या बळावरही हे ग्रंथालय शंभर वर्षे उभे राहिले आहे. त्यांची नावे वहीत लिहून घेण्यास अजून थोडा अवधी आहे.